ओव्हनचं सेल्फ क्लीन बंद, कंपनी म्हणते तुम्ही केक विकता

प्रश्न : गेल्या वर्षी दसऱ्याला नवीन किचन करून घेताना आम्ही बिल्ट-इन ओव्हन घेतला. किंमत ८२,००० रुपये, वॉरंटी दोन वर्षांची. साध्या मॉडेलपेक्षा तो २५,००० रुपयांनी महाग होता. दुकानदार म्हणाला, यात सेल्फ क्लीन आहे, आतून घासायची कटकट नाही. काही महिने ते चाललं. आता बटण दाबलं की दार लॉक होण्याचा आवाज येतो, लगेच एरर येतो आणि सगळं थांबतं. बेकिंग मात्र नीट होतं. पहिला टेक्निशियन म्हणाला, तुमच्याकडे व्होल्टेज कमी आहे. दुसऱ्याने आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेल्याचं सांगून १८,५०० रुपयांचं एस्टिमेट दिलं. मी ईमेल केल्यावर कंपनीचं उत्तर आलं की मी घरून केक विकते, म्हणजे वापर व्यावसायिक आहे, म्हणून वॉरंटी लागू नाही. शनिवार-रविवारी ओळखीतल्या चार-पाच ऑर्डरी घेते, एवढंच. घर मिस्टरांच्या पगारावर चालतं. ओव्हन परत देऊन सगळे पैसे मिळतील का? बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ आणि ‘वाद दिल्लीच्या न्यायकक्षेत’ असं छापलंय.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. ओव्हन परत देऊन पूर्ण ८२,००० रुपये मिळण्याची शक्यता आजच्या घडीला कमी आहे. कंपनीच्या खर्चाने दुरुस्ती, झालेल्या त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, ही मागणी मात्र भक्कम आहे.

ओव्हन भाजतोय, हीच तुमची अडचण. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या २००६च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गाडीबाबत असंच म्हटलं होतं : वॉरंटी सदोष भाग बदलून देण्यापुरती असेल तर भाग बदलून द्या, अख्खी गाडी नव्हे. कंपनीचा वकील हा निकाल काढणारच. म्हणून मागणी पायरीपायरीने करा. आधी विनामूल्य दुरुस्ती. ठरलेल्या मुदतीत ती झाली नाही तर त्याच दर्जाचा नवा ओव्हन. तेही जमत नसेल तर व्याजासह पैसे परत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ३९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाला यातला कुठलाही आदेश देता येतो. तुमच्या हातात एक हुकमी पान आहे ते त्या जादा २५,००० रुपयांचं. ते तुम्ही सेल्फ क्लीनसाठीच मोजले, हे दोन मॉडेलांच्या दरपत्रकावरून किंवा दुकानदाराच्या कोटेशनवरून दिसलं, तर ‘बेकिंग होतंय ना, मग तक्रार कसली’ या युक्तिवादात दम राहत नाही. ते कोटेशन शोधून ठेवा.

आता थोडं यंत्राबद्दल. कायद्याच्या सदरात हे कशाला, असं वाटेल. पण या खटल्याचा निम्मा निकाल ओव्हनच्या आतच लागतो. सेल्फ क्लीनच्या नावाखाली बाजारात तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एकात तळाशी पाणी ओतून वाफेने घाण मऊ करतात, पुसायचं काम तुमचंच. दुसऱ्यात आतल्या बाजूंना खरखरीत पत्रे असतात, ते बेकिंग चालू असतानाच तेलाचे शिंतोडे जाळतात आणि काही वर्षांनी निकामी होतात. तिसरा प्रकार पायरोलिटिक : ओव्हन साधारण ४५० ते ५०० अंशांपर्यंत तापतो, चिकटलेल्या सगळ्याची राख होते, आणि तेवढ्या उष्णतेत कोणी दार उघडू नये म्हणून ते आपोआप लॉक होतं. तुमचं दार लॉक होऊ पाहतंय, म्हणजे तुमचा ओव्हन तिसऱ्या प्रकारचा. (पहिल्या प्रकारचा ओव्हन ‘घासायची गरजच नाही’ असं सांगून विकला असता तर मी तुम्हाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा मुद्दा घ्यायला सांगितलं असतं. तुमच्या बाबतीत तो नाही.)

नोटीस पाठवण्याआधी मॅन्युअलमधलं सेल्फ क्लीनचं पान उघडा आणि त्यातल्या अटी एकेक करून पाळा. जाळ्या आणि ट्रे बाहेर, चाइल्ड लॉक बंद, घड्याळ लावलेलं, दाराच्या रबराला काही अडकलेलं नाही. मग मेन स्विच पाच-दहा मिनिटं बंद ठेवून पुन्हा चालू करा आणि बटण दाबा. हे सगळं मोबाइलवर एका सलग व्हिडिओत घ्या. एरर कोड स्पष्ट दिसला पाहिजे. तरीही बंद पडलं तर दोष बहुधा दाराच्या लॉकची मोटर किंवा तिचा स्विच, तापमानाचा सेन्सर नाहीतर कंट्रोल बोर्ड यांपैकी कशात तरी आहे. शोधणं कंपनीचं काम. लॉक सुरीने, पकडीने ढकलू नका, आणि ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला मागचा पत्रा उघडू देऊ नका. सील तुटलं की कंपनीला आयतं कारण मिळतं.

व्होल्टेजचा मुद्दा पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. व्होल्टेज २३०वरून १९०वर आलं तर हीटरची ताकद जवळपास एक-तृतीयांशाने घटते. पण मग ती गोष्ट मोजून लिहायला हवी होती. पहिल्या टेक्निशियनच्या जॉब शीटवर, म्हणजे भेटीची नोंद करून तुमची सही घेतात त्या कागदावर, व्होल्टेजचा आकडा आहे का, बघा. नसेल तर ते नुसतं बोलणं झालं. शिवाय ओव्हन बसवायला कंपनीचाच माणूस आला असेल, तर १६ अँपिअरचा पॉइंट आणि अर्थिंग तपासून त्याने इन्स्टॉलेशन रिपोर्टवर सही केली असेल. तो कागद तुमच्या बाजूने बोलतो.

आणि आता केक. इथे दोन प्रश्न एकात मिसळलेत, ते आधी वेगळे करू. पहिला, तुम्ही कायद्याने ‘ग्राहक’ आहात का? कलम २(७) व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूला वगळतं, पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वापरलेल्या वस्तूला सूट देतं. ही सूट मागायचा मोह होईल, मागू नका. घर मिस्टरांच्या पगारावर चालतं असं तुम्हीच लिहिलंय. ‘केवळ उपजीविका’ या शब्दांत तुम्ही बसत नाही. तुमची बाजू याहून सरळ आहे : ओव्हन घराच्या किचनमध्ये, घरासाठी घेतला, चार-पाच केक ही जोडगोष्ट. खरेदीचा मुख्य हेतू काय होता हे पाहायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने लीलावती कीर्तीलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात २०१९ साली सांगितलंय. आणि हेतू व्यापारी होता हे सिद्ध करण्याचा भार समोरच्या पक्षावर असतो, हे २०२४च्या श्रीराम चिट्स विरुद्ध राघाचंद असोसिएट्स या निकालात आलंय.

दुसरा प्रश्न वॉरंटी कार्डावरच्या ‘फक्त घरगुती वापरासाठी’ या अटीचा. तुम्ही ग्राहक ठरलात तरी ही अट शिल्लक राहते, आणि इथे थोडं झुंजावं लागेल. दार लॉक न होण्याचा केकशी संबंध काय, हे कंपनीला विचारा. आठवड्याला चार-पाच केक हा मोठ्या कुटुंबाचाही वापर असू शकतो. त्याहून मोठं म्हणजे कंपनीची कारणं बदलत गेली : आधी व्होल्टेज, मग बोर्ड, आणि तुम्ही लेखी विचारल्यावर केक. ही तारीखवार साखळी तक्रारीत जशीच्या तशी मांडा. केकचं इन्स्टाग्राम पेज असेल तर ते घाईने डिलीट करू नका; त्याचे स्क्रीनशॉट कंपनीकडे बहुधा आधीच आहेत, आणि पुसलेलं पान उलट तुमच्यावर संशय आणतं. व्यवसाय किती छोटा आहे ते तुम्हीच आधी सांगून टाका.

बिलावरच्या दोन्ही ओळींनी घाबरू नका. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते, छापील वाक्याने ती उचित होत नाही. दिल्लीचं म्हणाल तर कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या आयोगात, म्हणजे सांगलीतच, तक्रार करता येते. मोजलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क शून्य. वकील लावायची सक्ती नाही. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तेवढ्यानेही पुष्कळदा कंपनी नरमते.

तक्रार लिहिताना दोन मोह टाळा. एक, ‘प्रॉडक्ट लायबिलिटी’, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या हानीची जबाबदारी. शब्द वजनदार वाटतो, पण याच कायद्यातल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द वस्तूचं झालेलं नुकसान वगळलंय. ओव्हनने घर पेटवलं असतं तर गोष्ट वेगळी. दुसरं, वॉरंटीची अट हा ‘अनुचित करार’ आहे असं लिहू नका. अनुचित कराराची तक्रार राज्य आयोगाकडे जाते, आणि जिल्ह्यातली सोपी केस विनाकारण लांबते. सदोष वस्तू आणि सेवेतली त्रुटी, एवढ्यावर थांबा. दुकानदार आणि उत्पादक कंपनी दोघांनाही सामनेवाले करा.

दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर कलम ३८ प्रमाणे आयोग वस्तू मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण तो खर्च तक्रारदाराने आधी भरायचा असतो. भिंतीत बसवलेला ओव्हन काढून पाठवण्यापेक्षा दुसऱ्या टेक्निशियनचं एस्टिमेटच पुरावा म्हणून लावा. बोर्ड गेला, हे कंपनीच्या माणसानेच तिथे लिहून दिलंय.

या पुढे टेक्निशियन आला आणि जाता जाता ‘मॅडम, मेसेज आलाय तो कोड सांगा’ म्हणाला, तर ओव्हन चालू झाल्याशिवाय कोड द्यायचा नाही. तो आकडा दिला की कंपनीच्या कॉम्प्युटरवर तक्रार ‘ग्राहक समाधानी’ म्हणून बंद होते, आणि पुढे तोच कागद आयोगात कंपनीच्या उत्तरासोबत जोडला जातो. जॉब शीटवर सही करताना वर मराठीत लिहा : ‘सेल्फ क्लीन चालू झाले नाही, तक्रार कायम.’ तारीख टाका, फोटो काढा.

मुदत कलम ६९ प्रमाणे दोन वर्षांची आहे. ती सेल्फ क्लीन बंद पडल्याची पहिली तक्रार नोंदवली त्या दिवसापासून धरून चाला. ईमेल करत राहिल्याने ती वाढत नाही. १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा, उत्तर नाही आलं तर थेट दाखल करा. प्रयोगशाळेतली तपासणी नसेल तर कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात त्याहून जास्त धरा. मानसिक त्रासाचे पाच लाख मागू नका, ८२,००० च्या ओव्हनसाठी तो आकडा बघून आयोगाचे सदस्य तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतील.

सणाच्या तोंडावर थांबणं शक्य नसेल, तर १८,५०० भरून दुरुस्ती करून घ्यायलाही हरकत नाही. मात्र भरण्याआधी ईमेल करा की ही रक्कम हक्क राखून, निषेधासह भरत आहे. पावतीवर बोर्डाचा पार्ट नंबर लिहून घ्या आणि काढलेला जुना बोर्ड टेक्निशियनला नेऊ देऊ नका. न्यायचाच म्हणाला तर फोटो काढून त्याची लेखी पोच घ्या.