विभागातील दहा-बारा जणांसाठी एकच सामायिक कॅलेंडर कसे तयार करावे?

सर्वांच्या रजा, बैठका आणि विवरणपत्रांच्या तारखा एकाच ठिकाणी दिसाव्यात, यासाठी काय करावे, असे आपण विचारले आहे. पणजीतील एका कार्यालयाच्या लेखा विभागात हे काम मी गूगल कॅलेंडरवर केले आणि पहिल्या खेपेस चुकलो.

मी कॅलेंडर स्वतःच्या खात्यावर उघडले आणि सर्वांनाच बदल करण्याची मुभा दिली. दर महिन्याच्या २० तारखेला जीएसटीआर-३बी, म्हणजे वस्तू व सेवा कराचे मासिक विवरणपत्र, भरण्याची नोंद त्यात होती. एका सहकाऱ्याने केवळ त्या महिन्याची नोंद पुसण्याच्या बेताने 'ऑल इव्हेंट्स' निवडले आणि पुढच्या सर्व महिन्यांच्या नोंदी साऱ्यांच्याच पडद्यावरून नाहीशा झाल्या. पुसलेल्या नोंदी 'ट्रॅश'मध्ये साधारण ३० दिवस राहतात म्हणून त्या परत मिळाल्या. आमच्या लक्षात मात्र हे १८ तारखेला आले.

म्हणून कॅलेंडर विभागाच्या नावाने काढलेल्या खात्यावरच असावे, कारण एखाद्याने नोकरी सोडली आणि त्याचे खाते काढून टाकले गेले, तर त्याच्या मालकीचे कॅलेंडरही त्याबरोबर जाण्याचा धोका असतो. संगणकावर 'अदर कॅलेंडर्स'शेजारील अधिकचे चिन्ह दाबून नवे कॅलेंडर तयार करावे, त्याच्या सेटिंग्जमध्ये सहकाऱ्यांचे ईमेल पत्ते घालावेत, आणि बदलाचा अधिकार दोघांनाच देऊन बाकीच्यांना 'सी ऑल इव्हेंट डिटेल्स' एवढाच ठेवावा. हे काहींना आवडत नाही, पण रजा मंजूर करणाऱ्यानेच ती कॅलेंडरात लिहावी हे मला रास्त वाटते. रजेची नोंद पूर्ण दिवसाची ठेवून शीर्षकात आधी नाव लिहावे, कारण महिन्याच्या दृश्यात, विशेषतः मोबाइलवर, सुरुवातीची काही अक्षरेच दिसतात.

सुट्ट्यांसाठी तयार यादीवर विसंबू नये. ३ डिसेंबरचे सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त आणि १९ डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन यांसारख्या तारखा राज्य सरकारच्या अधिसूचनेवरून हाताने घालाव्यात. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात तर सुट्टीच्या मागेपुढे अर्धा विभाग गावी असतो, तेव्हा त्या रजा महिनाभर आधीच मागवून घ्याव्यात.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: आपण लावलेली स्मरणसूचना फक्त आपल्यालाच मिळते. प्रत्येकाने ईमेलमधील दुव्यावरून कॅलेंडर जोडून घेतल्यावर सूचना आपापल्या सेटिंग्जमध्ये लावायची असते. आम्ही त्यासाठी सर्वांना एका टेबलाभोवती बसवून पंधरा मिनिटांत ते उरकले.