आधी ऊती बघ

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अमायलॉइडला, म्हणजे चुकीची घडी पडलेल्या प्रथिनांच्या साठलेल्या तंतूंना, चिकटला की उजळणारा थायोफ्लेविन टी हा रंग नळीत झकास उजळतोय, आलेखही सुरेख चढतोय. पण रुग्णाच्या कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) कापात काँगो रेड, हा ऊतीतलं अमायलॉइड दाखवणारा रंग, काहीच दाखवत नाही. मग ऊतीचं काम गुंडाळून नुसत्या पेप्टाइडवर, म्हणजे प्रथिनाच्या तुकड्यावर, पेपर लिहावा का, हा तुझा प्रश्न.

नाही. आधी ऊती बघ.

कापाची जाडी किती होती, हे तू लिहिलंच नाहीस! नेहमीच्या सवयीने 4 मायक्रॉनचा घेतला असशील, तर काँगो रेडला तो पुरत नाही. 8 ते 10 मायक्रॉनचा घे. ध्रुवित प्रकाशात कोलॅजनही पांढुरकं चमकतं आणि कॉर्नियात तर ते ठासून भरलेलं असतं. त्याला भुलू नकोस. आपल्याला हवा तो कच्च्या सफरचंदाचा हिरवा, तीच अमायलॉइडची खूण.

एवढा हट्ट का, ते सांगतो. टीजीएफबीआय हे कॉर्नियातलं एकच प्रथिन. त्यात 124व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी सिस्टीन आलं की अमायलॉइडची जाळी दिसते. 555व्या जागी ट्रिप्टोफॅन आलं की दाणे साठतात, आणि ते अमायलॉइड नसतात. हा फरक दिसला तो माणसांच्या डोळ्यांत. प्रथिनाचा एखादा तुकडा नळीत योग्य आम्लता, क्षार आणि हलवणं मिळालं की तंतू करतोच. कॉर्नियात तसंच घडतं, हे त्यावरून कसं ठरणार? जाळीचा आजार कॉर्निया-रोपणानंतरही परत येतो, कारण रुग्णाची उपकला (कॉर्नियावरचा पेशींचा थर) तेच बिघडलेलं प्रथिन बनवत राहते. तुझ्या नळीत उपकला कुठे आहे?

या हट्टापायी माझं एक अनुदान थांबलं. 'पेपर कुठे आहेत?' एवढंच विचारलं गेलं. तेव्हा सोबतची एक हुशार मुलगी कंटाळून हे क्षेत्रच सोडून गेली, त्याची हळहळ आजही वाटते. तरी मी ऊती सोडली नाही, आणि ते योग्यच होतं असं मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. जे आलेख आम्ही छापले नाहीत, ते मागे घ्यायची वेळही आली नाही.

नमुने मिळत नाहीत, हे मला ऐकवू नकोस. रोपणात काढलेली चकती कुठे जाते, ते शस्त्रक्रिया करणाऱ्यांना जाऊन विचार. नीतिसमितीची परवानगी आधी घे. चकती मिळाली की अर्धी फॉर्मॅलिनमध्ये ठेव, अर्धी लगेच गोठव. सगळीच फॉर्मॅलिनमध्ये बुडवलीस, तर पुढे तंतू वेगळे काढताना रडशील.

जाड काप झाले की फोटो पाठव. साध्या प्रकाशातले आणि ध्रुवित प्रकाशातले, दोन्ही, एकाच जागेचे.

तुझा,
सर