स्टिरिओ कॅमेऱ्याच्या दोनच छायाचित्रांवरून लेंटिक्युलर प्रिंट करता येते का?

होय, डाव्या-उजव्या अशा दोनच छायाचित्रांवरून लेंटिक्युलर प्रिंट (बारीक भिंगांच्या पारदर्शक शीटखाली ठेवलेले, चष्म्याशिवाय खोली दाखवणारे चित्र) करता येते. मात्र त्या दोहोंच्या मधल्या कोनांतून दिसणारी दृश्ये सॉफ्टवेअरने तयार करून घ्यावीत, नाहीतर डोके जरा हलताच चित्र उडी मारते. इंचाला 60 भिंगांची शीट आणि 720 डीपीआय (इंचाला 720 ठिपके) छपाई असेल, तर प्रत्येक भिंगाखाली दर दृश्याची एक अशा 12 पट्ट्या मावतात, म्हणून 12 दृश्ये पुरतात. भिंगे उभीच ठेवावीत, कारण आडव्या भिंगांतून दोन्ही डोळ्यांना एकच दृश्य दिसते. खरी मेहनत पिच टेस्टवर (इंचाला नेमकी किती भिंगे धरायची हे ठरवणाऱ्या चाचणीवर) घ्यावी: शीटचा 60 हा आकडा छपाईत तंतोतंत उतरत नाही, म्हणून 59.8 ते 60.2 अशा किंचित वेगळ्या अंतरांच्या काळ्या रेघांचे पट्टे आपल्याच प्रिंटरवर छापून त्यांवर शीट ठेवावी, चित्र जेथून पाहायचे तेथून एक डोळा मिटून पाहावे आणि जो पट्टा रुंदीभर एकसारखा काळा किंवा पांढरा दिसेल, त्याचाच आकडा इंटरलेसिंगसाठी (सर्व दृश्यांच्या पट्ट्या एका चित्रात गुंफण्यासाठी) घ्यावा. जवळची वस्तू आत गेल्यासारखी दिसली, तर दृश्यांचा क्रम उलटवावा. मोकळे केस, जाळी किंवा बारीक फांद्या असलेल्या चित्रांत मात्र सॉफ्टवेअरला मागचा झाकलेला भाग अंदाजाने भरावा लागतो आणि कडा फाटतात. तेथे कॅमेरा थोडा-थोडा सरकवून अनेक छायाचित्रे काढणेच योग्य.