सही केली म्हणून पगार कापता येतो का?

प्रश्न : मॅडम, मी शहापूर तालुक्यातली आहे. बारावी झाले आहे. पडघ्याजवळच्या एका मोठ्या गोदामात दीड वर्ष पिकिंगचे काम करते. ऑनलाइन ऑर्डरचा माल रॅकवरून काढून पॅकिंगला द्यायचा. कामावर ठेकेदाराने घेतले, पगारही तोच देतो. नऊ तासांची शिफ्ट, त्यात एक तास जेवणाचा. सणाच्या दोन महिन्यांत मात्र साडेअकरा तास. उभे राहून पाय सुजतात. स्कॅनर जरा थांबला की सुपरवायझर हाक मारतो, त्यामुळे बाथरूमला जायचीही भीती वाटते. हे सगळे सोसले. पण गेले तीन महिने 'शॉर्टेज' म्हणून आमच्या शिफ्टच्या ३८ जणांच्या पगारातून दरमहा १,५०० रुपये कापले. किती माल गेला, कसा गेला, काही सांगितले नाही. एका इंग्रजी कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मीही केली. आता मला नोकरी सोडायची आहे, तर म्हणतात चालू महिन्याचा पगार विसर, जास्त बोललीस तर चोरीची केस करू. माझी बारावीची मूळ मार्कशीट त्यांच्याकडे आहे. पगाराच्या स्लिपचा फोटो पाठवत आहे. सही केली म्हणजे मी अडकले का? (कृपया नाव छापू नये.)

उत्तर :

ताई, नाही. तुम्ही अडकलेल्या नाहीत. तुमचा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम आधी घेतला, कारण झोप त्यानेच उडवली असणार.

कायद्याने मिळणारा पगार कामगाराला सही करूनही सोडून देता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, म्हणजे पगाराविषयीचा नवा कायदा, लागू झाली आहे. तिच्या कलम ६० प्रमाणे, कामगाराने आपल्या हक्काच्या रकमेवर पाणी सोडल्याचा कोणताही करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. ही काही नवी मेहेरबानी नाही. १९३६ च्या जुन्या वेतन कायद्यातही हेच होते. उपाशी माणूस समोर येईल त्या कागदावर सही करतो, हे कायदा करणाऱ्यांना तेव्हाही ठाऊक होते.

तरी त्या कागदावर नेमके काय लिहिले होते, याला महत्त्व आहे. 'कपातीला माझी हरकत नाही' असे असेल, तर त्याची काळजी सोडा. पण 'माझ्या हातून माल गहाळ झाला' असे काही असेल, तर तो कबुलीजबाब म्हणून उद्या पुढे केला जाईल. म्हणून आजच, उद्यावर न ढकलता, ठेकेदार आणि गोदाम चालवणारी कंपनी या दोघांना एक पत्र पाठवा. साध्या मराठीत लिहा : 'अमुक तारखेला माझ्यासह शिफ्टमधल्या कामगारांच्या इंग्रजी कागदावर सह्या घेतल्या. तो वाचून दाखवला नाही, त्याची प्रत दिली नाही. त्यातला मजकूर मला मान्य नाही. माल गहाळ होण्याशी माझा संबंध नाही. कागदाची प्रत द्यावी आणि कापलेले पैसे परत करावेत.' स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा, आणि त्याच पत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. कोर्टात वेळेवर घेतलेल्या हरकतीला वजन असते. सहा महिन्यांनी घेतलेली हरकत वकिलाने शिकवल्यासारखी दिसते.

आता शॉर्टेजबद्दल. तुमच्या पत्रातला हा भाग मी दोनदा वाचला, कारण भिवंडी पट्ट्यातून अशी कितीतरी माणसे माझ्याकडे आली आहेत आणि प्रत्येकाची हकिगत जवळपास हीच असते. होते असे की स्टॉक मोजताना तूट निघते. कंपनी ती ठेकेदाराच्या बिलातून वळती करते. ठेकेदार स्वतःचा नफा सोडायला तयार नसतो, म्हणून तो तीच रक्कम माणसांवर वाटून टाकतो. कंपनी आणि ठेकेदार यांच्यात काय ठरले, याच्याशी तुमचा काडीचा संबंध नाही. त्या करारावर तुमची सही नाही, त्यातला फायदा तुम्हाला कधी मिळालेला नाही, मग त्यातला तोटाही तुमचा नाही.

नुकसानीपोटी पगार कापायला कायद्यात जागा आहे, पण ती फार अरुंद आहे. माल त्या कामगाराच्या ताब्यात सांभाळण्यासाठी म्हणून स्पष्टपणे सोपवलेला असावा लागतो. नुकसान थेट त्याच्या हलगर्जीमुळे झालेले असावे लागते. कापलेली रक्कम नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये. आणि कापण्याआधी त्याला आपले म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते. यातले तुमच्या बाबतीत काय झाले? ज्या रॅकवर तीन शिफ्टची माणसे, इनवर्डवाले, डिस्पॅचवाले, हाउसकीपिंगवाले सगळे वावरतात, तो माल एकट्या तुमच्या ताब्यात होता असे कोणी कसे म्हणेल? आणि ३८ जणांकडून प्रत्येकी १,५०० म्हणजे महिन्याला ५७,००० रुपये, तीन महिन्यांचे १,७१,०००. एवढा माल गेला हे दाखवणारा एक तरी कागद त्यांनी तुमच्यासमोर ठेवला का? सगळ्यांकडून सारखी रक्कम कापली, यातच कोणाचाही दोष शोधला नाही हे उघड होते. माझ्या मते तुमच्या दाव्यातला हाच सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

उद्या ते म्हणतील की ही नुकसानभरपाई नव्हती, दंड होता. तर दंडालाही मर्यादा आहे : त्या महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्के. स्लिपवर दिसणाऱ्या तुमच्या १५,६०० रुपयांच्या महिन्याच्या पगारावर तो ४६८ रुपयांच्या वर जात नाही, आणि त्यासाठीही आधी तुमचे म्हणणे ऐकावे लागते.

स्लिप पाहिली तेव्हा ओव्हरटाइमचाही घोळ दिसला. पत्रात त्याबद्दल तुमची तक्रार नाही. दर बरोबर आहे असे तुम्ही धरून चालला आहात असे दिसते. महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे आठ तास धरले तर तुमचा तासाचा दर ७५ रुपये होतो. सणाच्या महिन्यात ६० तासांचे ४,५०० रुपये दिले आहेत, म्हणजे तासाला तेच ७५. पण आठवड्याच्या ४८ तासांवरचे काम दुप्पट दराने मोजायचे असते. म्हणजे त्या महिन्याचे ९,००० हवे होते. दोन महिने असेच गेले असतील तर तुमचे ९,००० रुपये ठेकेदाराकडे राहिले आहेत. शॉर्टेजच्या ४,५०० मध्ये मिळवले की १३,५००. जवळपास एका महिन्याचा पगार, ताई.

हे पैसे मागायचे कोणाकडे? दोघांकडे. कंपनी म्हणेल, या आमच्या कामगार नाहीत. पण ठेकेदाराने पगार बुडवला किंवा कमी दिला तर तो मुख्य मालकाने, म्हणजे इथे कंपनीने, द्यायचा आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचा, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या संहितांमध्येही आहे. म्हणून अर्जात दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा. कंपनीचे नाव अर्जात दिसले की ठेकेदार तडजोडीला लवकर येतो, हा माझा अनुभव आहे.

अर्ज वेतन संहितेच्या कलम ४५ खाली करायचा. त्यासाठी ठाण्याच्या कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात जा. तिथला अधिकारी कापलेली रक्कम तर देववतोच, शिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्याला आहे. लगेच दहापट मिळेल अशी आशा मी दाखवणार नाही. ती क्वचितच मिळते. मुदत तीन वर्षांची आहे, तेव्हा घाबरून घाई करू नका. एकाच अर्जात अनेक कामगारांना दावा करता येतो. ३८ पैकी पाच-सहा जणी जरी तुमच्यासोबत आल्या, तरी 'ही एकटी भांडकुदळ' असे म्हणायची सोय राहत नाही. आणि तुम्हाला धीर देणारी गोष्ट अशी की पगार पूर्ण दिला, कपात कायदेशीर होती, हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. तरी हाताशी पुरावे हवेतच : स्लिपा, बँकेचे पासबुक, हजेरीचे किंवा पंचिंगचे फोटो, शिफ्टच्या ग्रुपवर सुपरवायझरने टाकलेले मेसेज. 'आज सगळ्यांनी साडेआठपर्यंत थांबायचे' असा एक मेसेजसुद्धा ओव्हरटाइमसाठी कामी येतो. नोकरी सोडली की ग्रुपमधून काढतात, म्हणून स्क्रीनशॉट आधी घ्या.

वकिलाच्या फीची चिंता करू नका. स्त्रियांना मोफत विधी सेवा मिळते, मग उत्पन्न कितीही असो. १५१०० हा टोल फ्री नंबर फिरवा किंवा ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या.

चोरीच्या धमकीबद्दल. तूट निघणे आणि चोरी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चोरीसाठी तुम्ही माल अप्रामाणिक हेतूने हलवला असे दाखवावे लागते. सुटीच्या वेळी गेटवर तुमची रोज झडती होते, वर कॅमेरे आहेत, आणि दीड वर्षात तुमच्याकडे काही सापडलेले नाही. ज्याच्याकडे खरोखर पुरावा असतो तो पोलिसांत जातो, १,५०० रुपये कापत बसत नाही. तरीही केस होणारच नाही अशी हमी कोणताही वकील देऊ शकत नाही. समजा पोलिसांचा फोन आलाच, तर लेखी नोटीस मागा, एकट्या जाऊ नका, आणि कसल्याही जबाबावर न वाचता सही करू नका. पहिल्या पत्रात ही धमकी कोणी, कधी, कोणासमोर दिली तेही लिहून ठेवा.

मार्कशीट अडवून ठेवायचा त्यांना कसलाही अधिकार नाही. पत्रात ती परत मागा. नाही दिली तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या. पण त्यासाठी खोळंबून राहू नका. डिजिलॉकरवर मार्कशीट मिळते का पाहा, आणि दुय्यम प्रत वाशीच्या मुंबई विभागीय मंडळाकडून काढता येते.

नोकरी सोडायची तर उद्यापासून जायचे बंद, असे मात्र करू नका. मग ते 'न सांगता पळाली' असा शेरा मारतात आणि हिशेब लटकवतात. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावा लागतो. तो खात्यात पडू द्या. मग लेखी राजीनामा द्या, तारीख घालून, पोच घेऊन. नेमणूक पत्र मिळाले असेल तर त्यातली नोटिशीची मुदत पाळा. नोकरी सुटल्यापासून दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब द्यावा, असे संहिता सांगते. पीएफचे पासबुक मोबाइलवर उघडून प्रत्येक महिन्याचे १,८०० रुपये तुमच्या नावावर जमा झालेत का तेही बघा. पगारातून कापून भरले नसतील तर तो फौजदारी गुन्हा आहे, आणि मग धमकी द्यायची पाळी त्यांची राहत नाही.

तुमच्या सुजलेल्या पायांना आणि बाथरूमच्या भीतीला मी एवढे सरळ उत्तर देऊ शकत नाही, याचे मला वाईट वाटते. तासाला किती माल काढायचा याचा आकडा कोणत्याही कलमात नाही. कामाच्या मध्ये अर्ध्या तासाची सुटी आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह हे तुमचे हक्क आहेत. त्यांचा उल्लेख अर्जात जरूर करा. स्लिपवर ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, ११७ रुपये कापलेले दिसतात. म्हणजे तुमचे कार्ड आहे. पाय दाखवायला खासगी डॉक्टरला पैसे देऊ नका. ईएसआय दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना दिवसाचे किती तास उभे राहता ते सांगून केसपेपरवर लिहून घ्या.

आणखी एक. स्लिपवर व्यवसाय कराचे २०० रुपये कापले आहेत. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर नाही. तुमच्यासोबतच्या सगळ्या मुलींच्या स्लिपा एकदा पाहा, आणि कोणाकोणाचे हे पैसे गेलेत त्याची यादी करून अर्जाला जोडा.