डार्टला डिस्क ब्रेक बसवताय, मग चाकं कोणती घ्यायची?

तुमचा प्रश्न असा आहे: १९६८ची डॉज डार्ट जीटीएस ही अमेरिकी गाडी, ३४० घन इंची इंजिन, पुढचे ड्रम ब्रेक काढून १९७३ ते ७६च्या ए-बॉडी गाड्यांचे (क्रायस्लरच्या छोट्या गाड्यांची बांधणी, डार्ट त्यातलीच) डिस्क ब्रेक बसवायचेत. दुकानदार म्हणतो १७ इंची चाकं घेतल्याशिवाय कॅलिपर (फिरती चकती पॅडनी दाबून धरणारा ब्रेकचा भाग) मावणारच नाही, आणि तुम्हाला गाडीचा जुना चेहरा मोडायचा नाही. माझ्याकडे १९६९ची डार्ट आहे आणि हेच ब्रेक मी गॅरेजमध्ये स्वतः बसवलेत, म्हणून सविस्तर लिहितो. १७ इंचांची गरज नाही. त्या ब्रेकच्या रोटरचा, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या चकतीचा, व्यास १०.८७ इंच, आणि कारखान्यातून हे ब्रेक १४ इंची लोखंडी चाकांवरच येत होते. तुमची सध्याची ड्रमवाली १४ इंची चाकं मात्र चालतील असं समजू नका. ती कॅलिपर डोळ्यासमोर ठेवून बनवलेलीच नाहीत.

त्याआधी बोल्टचं वर्तुळ बघा, कारण पैसे बहुतेकदा तिथेच वाया जातात. १९७२ पर्यंतच्या ए-बॉडीला पाच बोल्ट ४ इंच व्यासाच्या वर्तुळावर असतात. १९७३ नंतरच्या डिस्कवाल्या गाड्यांना साडेचार इंचांच्या. म्हणजे नवे ब्रेक लावले की पुढची चाकं एका मापाची आणि मागची दुसऱ्या मापाची. पाच बोल्ट असल्यामुळे समोरासमोर पट्टी धरून हे मोजता येत नाही. शेजारशेजारच्या दोन स्टडच्या (चाकाचे नट ज्यावर चढतात ते बोल्ट) मध्यांमधलं अंतर घ्या आणि १.७०ने गुणा. अंतर साधारण २.३५ इंच भरलं तर जुनं वर्तुळ, २.६५च्या आसपास भरलं तर नवं.

ह्यावर तीन वाटा आहेत. ४ इंची वर्तुळाचे रोटर शोधायचे, पण मग आयुष्यभर चाकांचे पर्याय बोटांवर मोजण्याइतकेच राहतात. मागे ॲडॅप्टर (एका वर्तुळाचं चाक दुसऱ्या वर्तुळावर बसवणाऱ्या जाड चकत्या) लावायचे, पण ते मागची चाकं इंचभर किंवा जास्तच बाहेर ढकलतात, आणि डार्टच्या मागच्या फेंडरखाली तेवढी जागा नाही. तिसरी वाट म्हणजे मागच्या पावणेनऊ इंची डिफरन्शिअलला साडेचार इंची वर्तुळाचे नवे एक्सल शाफ्ट घालायचे आणि ड्रमही त्याच वर्तुळाचे लावायचे. खर्च जास्त आहे, तरी मी हेच केलं आणि तुम्हालाही हेच सांगेन. चारही चाकं एकाच मापाची असली की रात्री रस्त्यात टायर बसला तरी हातात एकच स्पेअर पुरतो.

आता मुख्य मुद्दा. चाकाचा व्यास आणि बॅकस्पेसिंग (रिमच्या मागच्या कडेपासून चाक हबला, म्हणजे ज्या मधल्या भागावर ते आवळलं जातं त्याला, टेकतं तिथपर्यंतचं अंतर) बरोबर आलं म्हणजे चाक बसेल असं सगळे धरून चालतात. मीही धरलं होतं. १५ बाय ७ची (१५ इंच व्यास, ७ इंच रुंद) पाच स्पोकवाली ॲल्युमिनियमची सुंदर चाकं आणली. बॅकस्पेसिंग हवं तेवढंच होतं आणि रिमच्या आत कॅलिपरभोवती बोट जाईल इतकी जागा होती. नट आवळले आणि चाक फिरेना. स्पोकची मागची बाजू हबकडून थोडी आत झुकलेली होती, ती थेट कॅलिपरवर टेकत होती. त्याच मापाची दुसऱ्या घडणीची चाकं मित्राच्या गाडीवर बिनबोभाट बसली.  स्पोक मागून सपाट आहे की फुगीर, हे बॅकस्पेसिंगच्या आकड्यात कुठेही दिसत नाही.

म्हणून आधी ब्रेक बसवा, चाकं नंतर घ्या. रोटरच्या ज्या तोंडावर चाक टेकतं त्यावर सरळ पट्टी धरा आणि कॅलिपर त्या पातळीच्या बाहेर किती येतो ते मोजा. मग हबच्या मध्यापासून कॅलिपरच्या सगळ्यात बाहेरच्या कोपऱ्यापर्यंतची त्रिज्या घ्या. ही दोन मापं जाड पुठ्ठ्यावर उतरवून आकार कापा आणि तो पुठ्ठा घेऊन चाकांच्या दुकानात जा. चाक उलटं ठेवून पुठ्ठा आत फिरवला की सत्य दोन मिनिटांत कळतं. हे माप पॅड नवे असतानाच घ्या. ह्या ब्रेकचा कॅलिपर सरकता आहे, पॅड झिजतात तसा तो आत येतो, त्यामुळे स्पोकजवळची जागा सगळ्यात कमी नव्या पॅडच्या वेळी असते. स्पोक आणि कॅलिपर ह्यांत निदान ३ मिलिमीटर हवेतच. शंका वाटली तर कॅलिपरवर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा चिकटवा, चाक लावून हलकेच फिरवा, आणि दबलेल्या मातीची जाडी मोजा.

बॅकस्पेसिंगच्या हिशोबात एक चूक हमखास होते. ७ इंची रिम कडेपासून कडेपर्यंत सुमारे ८ इंच भरते, कारण ७ हे टायर बसतो तिथलं माप आहे. म्हणून ४ इंच बॅकस्पेसिंग म्हणजे शून्य ऑफसेट (चाक रिमच्या बरोबर मध्यावर हबला टेकतं), आणि सव्वाचार म्हणजे साधारण ६ मिलिमीटरचा धन ऑफसेट. साडेतीन हा मध्य धरून चाकं मागवलीत तर ती अर्धा इंच बाहेर येतील. शिवाय काही डिस्क किट स्वतःच हबचं तोंड थोडं बाहेर नेतात. फेंडरच्या आतल्या कडेपासून हबच्या तोंडापर्यंतचं अंतर ड्रम काढण्यापूर्वी आणि रोटर बसवल्यानंतर मोजून ठेवा.

त्या पाच स्पोकच्या चाकांसाठी मी शेवटी हब आणि चाकाच्या मध्ये ५ मिलिमीटरचे स्पेसर घातले. स्पोक सुटले, पण स्टड आखूड पडले. अर्ध्या इंचाच्या स्टडवर नट किमान अर्धा इंच चढला पाहिजे. इंचाला २० आटे, म्हणजे हाताने मोजून १० पूर्ण फेरे. माझे सहाच भरले, म्हणून स्टड बदलले. तुमच्या गाडीच्या डाव्या बाजूला उलट्या आट्यांचे स्टड असतील. नवे रोटर सरळ आट्यांचे येतात, आणि मागे जुने शाफ्ट ठेवलेत तर एकाच बाजूला दोन प्रकार होतात. असं असेल तर टायरवाल्याला आधीच सांगा, नाहीतर एअर गन लावून तो स्टड मोडून टाकेल.

टायरचं सोपं आहे. पुढे २१५/६० आर १५ घ्या. बाहेरचा व्यास २५ इंचांच्या जवळ राहतो, जुन्या १४ इंची टायरसारखाच, आणि गाडीची उंचीही बदलत नाही. १३ इंची रोटरवर जाणार असाल तरच १७ इंच बघा. बॅलन्सिंग करताना वजनं रिमच्या आत चिकटवू देऊ नका. एका दुकानाने माझ्या चाकात तशी लावली होती, आणि कॅलिपरने ती पहिल्याच फेरीत खरवडून काढली.

रोटर बसवून झाले की हबच्या मध्यापासूनची त्रिज्या, कॅलिपरचा बाहेर येणारा भाग आणि पुढच्या फेंडरची आतली कड ते हबचं तोंड हे अंतर, अशी तीन मापं इथे टाका. तुमच्या मनात जे चाक असेल त्याचा मागून काढलेला फोटोही टाका. ते बसेल की नाही, ते त्यावरून सांगता येईल.