बॅलेत शनेलचे कपडे

प्रश्न : बॅले म्हटलं की जाळीचा फुगीर घागराच डोळ्यांपुढे येतो. त्या-त्या काळातली चालू फॅशन कधी बॅलेत आली का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आली की! आणि नाचणाऱ्यांची पंचाईत करून गेली. जून १९२४, पॅरिस. रशियन निर्माता दिआगिलेव्हच्या ‘बॅले रूस’ या नृत्यमंडळीने ‘ल ट्रॅं ब्लू’ हा बॅले रंगमंचावर आणला. स्थळ फ्रान्सचा समुद्रकिनारा, पात्रं सुट्टीवर आलेली रिकामटेकडी श्रीमंत मंडळी. (नावात निळी आगगाडी, मंचावर मात्र तिचा पत्ता नाही!) कपडे फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शनेलचे : लोकरी जर्सीचे, म्हणजे विणलेल्या कापडाचे, पोहण्याचे पोशाख, किनाऱ्यावर घालत तसेच. नृत्यदिग्दर्शिका निजिन्स्का स्वतः टेनिसपटू झाली, थेट त्या काळची प्रसिद्ध टेनिसपटू सुझान लेंग्लेनच्या थाटात, डोक्याला पट्टा बांधून.

मी वर्षानुवर्षं नाटकांचे कपडे शिवलेत, म्हणून सांगते : सैल विणीचं कापड धरून जोडीदारणीला उचलायचं, तर हात निसटणारच. यातली नर्तकी लिडिया सोकोलोवाच्या कानांत तर एवढाले नकली मोती, की जड ते जडच, वर संगीतही धड ऐकू येईना. प्रेक्षकांना त्याचं काय? त्यांना रुबाब दिसला. मला विचाराल तर शनेलबाईंनी आधी दोन तालमी बघून मगच कात्री हातात घ्यायला हवी होती.