गेम खेळायचे नसतील तर निवृत्त माणसाने घरी संगणक कशाला घ्यावा?

आपण लिहिले आहे की आपण लवकरच निवृत्त होणार आहात, घरी एक डेस्कटॉप घ्यावा आणि त्यावर एखादा छंद धरावा असे मनात आहे, परंतु मुलाचे म्हणणे असे पडले की सगळी कामे आता मोबाईलवर होतात आणि गेम खेळायचे नसतील तर संगणक म्हणजे केवळ अडगळ. मुलाचे हे वाक्य वाचले नसते तर मी उत्तर लिहायला बसलो नसतो. जवळजवळ याच शब्दांत माझे साडू मला हे गेली अनेक वर्षे ऐकवत आले आहेत, तेही भरल्या पंगतीत.

मी कोपरखैरण्याला राहतो. नोकरी ड्राफ्ट्समनची केली. सुरुवातीची वर्षे ट्रेसिंग पेपर, ड्राफ्टर आणि रॉट्रिंग पेन यांच्यात गेली. रेघ चुकली तर ब्लेडने शाई अलगद खरवडायची आणि कागदाला भोक पडू द्यायचे नाही, हे तेव्हा कौशल्य मानले जाई. नंतर संगणकावर आराखडे काढणारे ऑटोकॅड आले, बोर्ड गेले, आणि आमच्यापैकी जे शिकले ते टिकले. निवृत्तीनंतर हातातले हे वळण कुठे वापरावे हा प्रश्न होताच, आणि त्याचे उत्तर मला ओपनस्ट्रीटमॅपमध्ये सापडले. जगाचा हा नकाशा 2004 साली ब्रिटनमध्ये सुरू झाला, तो सामान्य माणसे स्वतः काढतात, आणि कोणालाही तो फुकट वापरता येतो. माझ्या घरच्या संगणकावर आज मुख्यतः हेच काम चालते.

मोबाईलवर नकाशा पाहता येतो, काढता येत नाही, हे आपल्या चिरंजीवांना स्पष्ट सांगावे. दुकानाचे नाव बदलणे किंवा एखाद्या बाकाची खूण करणे इतके फोनवर होते. परंतु उपग्रहचित्रावर रस्त्याची मध्यरेषा ओढायची, तिच्यावर पूल कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते दाखवायचे, शेजारच्या नाल्याशी ती उगाच जोडली जात नाही ना ते पाहायचे, हे सगळे बोटाच्या टोकाने करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्याला मोठा पडदा लागतो आणि माऊस लागतो. मी जॉसम नावाचा प्रोग्राम वापरतो. त्यात ‘ए’ दाबले की रेघ सुरू होते, ‘क्यू’ दाबले की इमारतीचे कोपरे काटकोनात बसतात, आणि काम जगासाठी चढवण्यापूर्वी तो प्रोग्राम चुका शोधून देतो. ज्याने कधी काळी टी-स्क्वेअर धरला आहे त्याला हे शिकायला वेळ लागत नाही. ज्याने धरलेला नाही त्याने ब्राउझरमध्येच चालणाऱ्या आयडी या सोप्या साधनाने सुरुवात करावी.

नवी मुंबईसारख्या आखीव शहरात काढण्यासारखे काय उरले असेल, असे कोणालाही वाटेल. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना 1970 ची. सेक्टर, प्लॉट, रस्ते सर्व कागदावर आधी आखलेले. सेक्टर काढणे खरोखरच सोपे असते आणि थोड्या दिवसांत कंटाळवाणेही होते. परंतु हे शहर 95 गावांच्या जमिनीवर उभे आहे, आणि ती गावे सेक्टरांच्या मधोमध आजही आहेत. घणसोली-गोठिवलीच्या बाजूच्या एका गावठाणावर उपग्रहचित्र उघडून मी प्रथम बसलो तेव्हा पडद्यावर पत्रे आणि गच्च्या यांच्याखेरीज काही दिसेना. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन घरांच्या पागोळ्या एकमेकींना भिडलेल्या. जीपीएसची रेघही तिथे भिंतींमुळे इकडेतिकडे भरकटते. तेव्हा चित्र कागदावर छापून घेतले, पाठीला पुठ्ठा लावला आणि रविवारी सकाळी पायी निघालो.

पुठ्ठ्यावर कागद, हातात पेन्सिल आणि नजर घरांवर अशा अवस्थेतला अनोळखी माणूस गावठाणात शिरला की काय होते हे मी आधीच ओळखायला हवे होते, असे घरी सर्वांचे मत पडले. ओट्यावर मासे निवडत बसलेल्या एका आजींनी मला थांबवून विचारले, “तू सिडकोचा का पालिकेचा?” मी दोन्हींचा नाही म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसला नाही, उलट दोघे तरुण चौकशीला आले. गरजेपोटी, परवानगीविना बांधलेल्या घरांचा प्रश्न या गावांत वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला आहे आणि मोजणीला आलेल्या माणसाकडे तिथे पाहुणा म्हणून कोणी पाहत नाही. त्यात त्यांचे काहीही चुकत नाही. मी त्यांना नकाशा दाखवला, कोणत्या कार्यालयासाठी नसून छंद म्हणून काढतो असे सांगितले, आणि ‘छंद’ या उत्तराने ते अधिकच बुचकळ्यात पडले.

शेवटी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने मध्यस्थी केली. त्याच्याशी बोलताना एक गोष्ट ठरली, ती मी आजतागायत पाळतो: गावठाणात घरांच्या आकृत्या काढायच्या नाहीत. गल्ल्या, गावदेवीचे देऊळ, विहीर, तळे, शाळा, होळीचे मैदान एवढेच काढायचे. घर कोणाच्या हद्दीत किती पुढे आले आहे हे जगाला दाखवण्याचा मला अधिकार नाही, आणि नकाशा वापरणाऱ्याला गल्ली कुठे फुटते एवढेच हवे असते. हे ठरल्यावर दुकानदाराने स्वतः फिरून मला आळ्यांची नावे सांगितली. ती मी देवनागरीत नोंदवली. त्यासाठी स्वतंत्र जागा असते, मराठी नाव वेगळे आणि इंग्रजी वेगळे. ज्यांना इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांच्या कळफलकावरचे, टंकलेखन येते त्यांना हे काम फारच सोपे जाते, आणि येत नसेल त्यांनी ते शिकून घ्यावे, विंडोजमध्ये तो कळफलक वेगळा विकत घ्यावा लागत नाही.

गल्ल्यांवरून मी नाल्यांकडे वळलो आणि माझ्या मते या छंदातला सर्वांत रसाळ भाग तोच आहे. नकाशात नाला काढताना रेघ पाण्याच्या वाहण्याच्या दिशेनेच ओढावी लागते. म्हणजे नाला नुसता दिसून भागत नाही, पाणी कुठून कुठे जाते हे ठाऊक असावे लागते. आमच्या भागात हे सोपे नाही. खाडीलगतची पुष्कळ जमीन भराव घालून केलेली आहे आणि मोठ्या भरतीच्या वेळी खाडीचे पाणी तिच्यापेक्षा वर असते. म्हणून पावसाचे पाणी आधी होल्डिंग पाँड म्हणजे साठवण तळ्यांमध्ये साठवतात. भरती असताना खाडीकडील झडपा पाण्याच्या दाबानेच बंद होतात, ओहोटी लागली की उघडतात आणि तळ्यातले पाणी बाहेर पडते. तळ्यात गाळ साचला किंवा झडप नीट बंद झाली नाही की उधाणाच्या दिवशी रस्त्यावर पाणी येते. ही युक्ती डच पद्धतीची म्हणून सांगितली जाते. परंतु गावातल्या एका मिठागरावर काम केलेल्या गृहस्थांनी मला लगेच सांगितले की खारभूमीच्या बांधाला त्यांचे आजोबा उघाडी, म्हणजे पाणी सोडण्याची झडप, ठेवत, तिचेही काम हेच होते.

हे कळल्यावर मी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून खाडीकडे जाऊ लागलो. एकच नाला सकाळी एका बाजूला आणि दुपारी दुसऱ्या बाजूला वाहताना पाहिला. अशा पात्रासाठी भरतीच्या पाण्याची निराळी खूण नकाशात करता येते. खारफुटी वेगळ्या रंगात येते. किनाऱ्याची रेघ मोठ्या भरतीच्या पाण्याच्या रेषेवर धरावी असा संकेत आहे, आणि उपग्रहाने चित्र ओहोटीला घेतले असेल तर चिखलाचा सारा पट्टा जमिनीसारखा दिसतो. त्यामुळे चित्र पाहून किनारा ओढणाऱ्याने फसू नये. घरी येऊन हे सर्व पडद्यावर उतरवताना वेळ कसा जातो ते समजत नाही. रस्त्याखालून जाणारी मोरी, मग उघडा नाला, मग पुन्हा मोरी, मग तळे, मग झडप, मग खाडी अशी अखंड साखळी जुळली की मला नोकरीत एखादी मोठी शीट मंजूर झाल्यावर होत असे तसा आनंद होतो.

आता साडूंविषयी. ते ठाण्यात नौपाड्यात राहतात, हिशेबाला पक्के आहेत आणि त्यांचे बोलणे तोडणे अवघड असते. त्यांनी आपल्या मुलाला दहावीनंतर संगणक घेऊन दिला, मुलगा रात्रंदिवस गेममध्ये बुडाला, कॉलेजचे वर्ष वाया गेले, आणि तेव्हापासून संगणक या वस्तूवर त्यांचा कायमचा राग आहे. एका दिवाळीला सासुरवाडीच्या जेवणात मी या नाल्यांचे सांगत होतो, तेव्हा ते म्हणाले, “साडूभाऊ, तुमचाही गेमच आहे हा. फरक एवढाच की तुम्हाला गुणसुद्धा मिळत नाहीत.” सगळे हसले. पुढे त्यांनी असेही विचारले की परदेशी कंपन्या या नकाशावर पैसे मिळवतात, मग मी फुकट का राबतो.

दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. मोठमोठ्या कंपन्या हा नकाशा वापरतात. परंतु परवान्याची अट अशी आहे की वापरणाऱ्याने श्रेय द्यावे आणि माहितीत भर घालून ती लोकांपुढे आणली तर ती भरही त्याच अटींवर सर्वांना खुली ठेवावी. शिवाय हीच माहिती उद्या आमच्या सोसायटीला, एखाद्या विद्यार्थ्याला किंवा आपत्तीत मदतीला आलेल्या पथकालाही फुकटच मिळते. 2010 च्या जानेवारीत हैतीमध्ये भूकंप झाला तेव्हा जगभरच्या लोकांनी घरी बसून, उपग्रहचित्रे पाहून पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचे रस्ते काही दिवसांत काढून दिले आणि मदतपथकांनी तोच नकाशा वापरला. 2015 मध्ये नेपाळच्या भूकंपानंतरही तेच झाले. हे काम बहुतांशी घरच्याच संगणकांवर झाले होते.

पहिल्या मुद्द्याला मात्र मी पंगतीत उत्तर दिले नव्हते, ते इथे देतो. मुलाच्या खोलीत संगणक ठेवला, इंटरनेट जोडले, आणि त्यावर करण्यासारखे दुसरे काय आहे हे घरात कोणीही, वडिलांनी तर नाहीच, कधी बसून दाखवले नाही, तर मुलगा गेम खेळणार नाही तर काय करणार? दोष यंत्राला देणे सोयीचे असते, कारण यंत्र उलट बोलत नाही. त्याच मुलाने पुढे, भंगारात देण्याआधी, त्याच संगणकावर माझ्याकडून रेघा ओढायला शिकून आपल्या वस्तीतली झाडे नोंदवली होती. त्याच्या वडिलांना हे अजून माहीत नाही, आणि ते हे उत्तर वाचतील तर त्यांनी मुलाला अवश्य विचारावे.

आपला मूळ प्रश्न इतर छंदांविषयीही होता, तर थोडक्यात सांगतो. जुन्या कॅसेट असतील तर ऑडॅसिटी हा फुकट प्रोग्राम घेऊन त्या संगणकात उतरवा. तार माईकच्या नव्हे, लाइन-इनच्या छिद्रात घाला, नाहीतर आवाज फाटतो. आकाशदर्शन आवडत असेल तर स्टेलॅरियम हा प्रोग्राम उत्तम आहे. ठाण्यातल्या दिव्यांच्या उजेडात न दिसणारे तारेही त्यात दिसतात, आणि कुठे पाहायचे ते कळले की माळशेजला गेल्यावर वेळ वाया जात नाही. वाचनाची आवड असेल तर मराठी विकिस्रोत या मोफत ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुन्या पुस्तकांची मुद्रितशोधने करावीत. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे उलटल्यावर आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे तिथे काम भरपूर आहे. गाणी ऐकणे, बातम्या वाचणे, चित्रफिती पाहणे यांना मी छंद मानत नाही, त्यासाठी आपला मोबाईल पुरेसा आहे आणि त्या बाबतीत चिरंजीवांचे खरे आहे.

यंत्र नवे घेण्याची गरज नाही. कार्यालयातून निघालेला जुना डेस्कटॉप, त्यात 8 जीबी मेमरी आणि एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान साठवण) टाकून घेतली तर मी सांगितलेली सर्व कामे होतात. पैसे पडद्यावर आणि खुर्चीवर खर्च करा. नकाशाचे काम धरलेत तर गुगलच्या नकाशावरून काहीही उतरवू नका, ते परवान्यात बसत नाही आणि पकडले गेले की केलेले काम पुसले जाते. देशाच्या सीमारेषांना हात लावू नका. उपग्रहचित्र काही मीटर सरकलेले असू शकते, म्हणून आधी ते जुळवून घ्या, मगच रेघ ओढा. गेम खेळणारे सगळे बिघडतात असे माझे म्हणणे नाही. माझा नातू खेळतो आणि बरा अभ्यास करतो. आणि नकाशासुद्धा रात्री बारानंतर बंद करावा, हे माझ्या पत्नीचे मत इथे नोंदवून ठेवतो, कारण ती हे उत्तर वाचणार आहे.